गिरणी बंद असताना

सावळखेडात भांडायचं असेल तर लोक नळावर जातात, पारावर जातात, अगदीच पेटले तर ग्रामपंचायतीत जातात. गिरणीत मात्र कोणी भांडत नाही, कारण तिथं भांडण ऐकूच येत नाही. मोर्शीच्या रस्त्याला लागून असलेली भगवंताची ती गिरणी एकदा सुरू झाली की वरचे पत्रे थरथरतात, दाराची कडी आपोआप वाजते, आणि तोंडाशी तोंड नेऊन ओरडलं तरी समोरच्याला नुसते दात दिसतात. म्हणून तिथं सगळा कारभार हातांनी चालतो. दोन्ही तळवे थापले की ज्वारी, भाकरीची. हवेत लाटणं फिरवलं की गहू. मूठ वळून दाखवली की रोडग्याचं जाडं पीठ. अंगठा बोटावर घासला की बारीक, एकदम बारीक, सासूबाई नावं ठेवतात. हे कोणी कोणाला शिकवलं नव्हतं. गावातल्या चार वर्षांच्या पोरालाही ते येत होतं, आणि ही एक भाषा आहे असं गावात कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

हर्षाच्या आलं होतं. हर्षा ही भगवंताची एकुलती एक मुलगी, वय सव्वीस. सहाव्या वर्षी आलेल्या तापानं तिचे दोन्ही कान नेले. कुठल्याशा शिबिरात कानाचं मशीन मिळालं, त्यातून तिला फक्त घूं असा आवाज यायचा, म्हणून ते कपाटात गेलं. मग अमरावतीच्या मूकबधिर शाळेत दहावी, अकोल्याला आयटीआयमध्ये वायरमनचा कोर्स, आणि पुढं अकोल्यातच धम्मदीपच्या दुकानात तीन वर्षं जळलेल्या मोटारींत नवी तार भरण्याचं काम. धम्मदीप तिचा शाळेपासूनचा मित्र, तोही बहिरा. आईला भाजीच्या वावरात एकटीनं निभेना तेव्हा ती गावी परतली. सुट्टीत घरी यायची तेव्हाही ती तासन्‌तास गिरणीत उभी राहायची. बाहेर सगळं गाव ओठ हलवायचं आणि ती एकटी पडायची. गिरणीत आल्यावर सगळेच तिच्यासारखे व्हायचे.

यंदा भगवंताच्या गुडघ्यांनी दगा दिला. धान्याचा डबा उचलून वर ओतताना तो कण्हायला लागला. दिवाळीनंतर गिरणी भाच्याला, धामणगावच्या पियुषला चालवायला द्यायची, असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं. हर्षाला हे कळलं ते आईकडून. ती तडक गिरणीत गेली, आणि बापासमोर उभी राहून स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मी चालवते.

भगवंतानं हातानं नाही म्हटलं. ती तिथून हलेना तेव्हा तिला समोर बसवून तो सावकाश, ओठ मोठे करून बोलला.

"गिरनी कानानं चालते, पोरी. दाने सरले का दगडाचा आवाज बदलते. पट्टा ढिला झाला का शीळ घालते. बेअरिंग जायच्या आधी रडते. तुले कसं समजन?"

हर्षाला त्यातलं निम्मं ओठांवरून कळलं, निम्मं तिनं ताडलं. आणि तिच्या मनात जे आलं ते तिनं तिथंच गिळलं. कारण या माणसाला स्वतःलाच चार वर्षांपासून ऐकू येत नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिला कोणी सांगायची गरजच नव्हती. बहिरेपण लपवायच्या जेवढ्या म्हणून युक्त्या असतात, त्या सगळ्या तिनं अमरावतीच्या शाळेत जायच्या आधी स्वतः वापरून सोडून दिल्या होत्या. समोरच्यानं काही विचारायच्या आत आपणच बोलायला सुरुवात करायची. चारजण हसले की पाचवं आपण हसायचं. भिंतीला पाठ लावून बसायचं, म्हणजे मागून कोणी हाक मारत नाही. आणि काहीच कळलं नाही तर मान डोलवायची. भगवंताची तर एक खास मान होती. दोनदा खाली, एकदा बाजूला, आणि वर एक वाक्य, "होऊन जाईन." पाऊस कसा काय, असं विचारा, होऊन जाईन. पोरीचं लग्न कधी, होऊन जाईन. गावाला वाटायचं, भगवंत मोठा समाधानी माणूस. तीस वर्षं त्या आवाजात उभं राहून त्याचे कान गेले होते, दुसरं काही नव्हतं. यंदा दोनदा दाणे संपून दगडावर दगड घासला गेला, जळका वास घरापर्यंत आला, तेव्हा पळत जाऊन स्टार्टर पाडून गिरणी बंद केली ती हर्षानंच. भगवंत म्हणाला, डुलकी लागली होती.

ती गप्प राहिली. बापाची अब्रू म्हणून राहिली, थोडी दया म्हणूनही राहिली. पण गिरणीचा हट्ट तिनं सोडला नाही. तीन दिवस ती जेवली नाही असलं काही झालं नाही, ती व्यवस्थित जेवली आणि रोज जेवण झालं की छातीवर बोट ठेवून बापासमोर उभी राहिली. शेवटी माणिकबाईच वैतागली.

"अवो, एक महिना देऊन पाहा ना तिले," ती नवऱ्याच्या तोंडासमोर जाऊन म्हणाली. "पोट्टी काय गिरनी खाऊन टाकते?"

एक महिना ठरला. दळण घ्यायला दारातल्या स्टुलावर भगवंत, आत गिरणीवर हर्षा. महिनाभर नीट चाललं तर गिरणी तिची, नाहीतर पियुषची.

हर्षानं पहिल्याच दिवशी दाणे ओतायच्या पत्र्याच्या डब्यात तळाशी एक छोटी पट्टी बसवली. दाण्यांचं वजन आहे तोवर पट्टी दबलेली, दाणे सरत आले की ती उचलली जायची आणि भिंतीवरचा लाल बल्ब लागायचा. युक्ती धम्मदीपची, व्हिडिओ कॉलवर दोघांनी मिळून जमवलेली. पट्ट्याच्या वरच्या बाजूला तिनं न्हाव्याच्या दुकानात असतो तसा आरसा टांगला, म्हणजे पाठमोरं काम करतानाही दार दिसायचं. दाराशी एक पाटी आणि खडू. बाकी काम तळहाताचं. गिरणीच्या अंगावर हात ठेवला की दगड कसा चाललाय ते तिला थेट कोपरापर्यंत समजायचं. भगवंतानं बल्बाची टिंगल केली. "दिवाळी आली काय गिरनीत?" पण दुसऱ्या दिवसापासून स्टुलावर बसल्या बसल्या तो चोरून त्या बल्बाकडेच बघायला लागला, आणि ते हर्षाला आरशात दिसत होतं.

अठरा दिवस नीट गेले. बाया आधी बिचकल्या, मग त्यांना कळलं की इथं काही बदललेलंच नाही. लाटणं फिरवायचं, थापायचं, अंगठा घासायचा. हर्षाचं पीठ उलट जास्त एकसारखं यायचं, कारण ती दर दोन मिनिटांनी चिमटीत घेऊन बघायची. भगवंत ते वर्षभरापूर्वीच सोडून बसला होता.

एकोणिसावा दिवस गुरुवारचा. सकाळी साडेनऊला लाइन गेली. गिरणी थांबली, पत्रे थांबले, आणि बायांची तोंडं सुरू झाली. एवढ्या शांततेत हात कोण हलवतो? हर्षानं ती वेळ साधून मोटारीखाली शिरून पट्टा ताणायला घेतला. तेवढ्यात सुंदराबाई आली. सुंदराबाई म्हणजे सत्तरीची, तोंडानं फटकळ, पण गावात कोणाच्याही घरी बाळंतपण असो की मयत, पहिली पोचणारी. तिनं ज्वारीचा डबा ठेवला आणि भगवंताशी बराच वेळ काहीतरी बोलली. हर्षाला आरशात सुंदराबाईची फक्त पाठ दिसली, आणि तिच्या खांद्यावरून बापाची मान. दोनदा खाली, एकदा बाजूला. होऊन जाईन.

हर्षा मोटारीखालून बाहेर आली तोवर सुंदराबाई रस्त्याला लागली होती. तिनं डब्याकडे बोट करून बापाला विचारलं, काय म्हणाल्या? भगवंतानं तळवे थापले, अंगठा घासला. ज्वारी, बारीक. तिनं पुन्हा विचारलं, एवढंच? त्यानं हात झटकला. एवढंच. तेवढ्यात लाइन आली, बल्ब लागला, पाच डबे रांगेत होते. हर्षानं एकाचे गहू दळले आणि त्याच दगडावर सुंदराबाईची ज्वारी ओतली. इथं तिचीही चूक झाली, आणि ती तिनं स्वतःशी कधी नाकारली नाही. ती मान बघून तिला शंका आली होती, आणि तिनं शंका बाजूला सारून स्टार्टर दाबला होता.

सुंदराबाई जे बोलली होती ते असं. तिची चार वर्षांची नात सारखी आजारी, हाडं दिसायला लागलेली. अमरावतीच्या डॉक्टरनं शोधून काढलं की पोरीला गहू चालत नाही, गव्हाचा कणही पोटात जाता कामा नये. घरची छोटी चक्की होती तिची मोटर जळली. म्हणून, भगवंता, दगड झाडून घेजो, पहिल्या दोन ओंजळी कोंबड्याले टाकजो, मंग माह्या डब्यात भरजो. पोरीच्या जिवाचा सवाल हाय. आणि भगवंत म्हणाला होता, होऊन जाईन.

शुक्रवारी पहाटेपासून पोरीला उलट्या. मोर्शीला नेऊन सलाईन लावावं लागलं. दुपारी ती घरी आली, पण तोवर बातमी अख्ख्या गावात फिरली होती. बापानं सांगितलं असणार, पोरीनं ऐकलं नसणार, हा हिशोब गावानं कोणाला काही न विचारताच करून टाकला. बहिरीच्या हातात गिरणी दिल्यावर दुसरं काय होणार! शुक्रवारी तीन डबे आले, शनिवारी एकही नाही. बाया पीठ आणायला मोर्शीपर्यंत गेल्या. हर्षाला कोणी शिव्या दिल्या नाहीत, कारण शिव्या द्यायला तिच्या समोर यावं लागलं असतं. ती रस्त्यानं जाताना ओटे नुसते एकाएकी बोलायचे थांबत होते, आणि ते बघायला कान लागत नाहीत.

आईकडून सगळं कळल्यावर हर्षा भगवंतासमोर उभी राहिली. तुम्ही मला सांगितलं नाही, असं तिनं हातानं म्हटलं, दोनदा म्हटलं. भगवंतानं तोंड भिंतीकडे फिरवलं. बहिऱ्या माणसाशी भांडण संपवायचा याहून सोपा मार्ग नाही. ती फिरून त्या बाजूला गेली, तर त्यानं डोळे मिटून घेतले. मग तो उठला आणि माणिकबाईला म्हणाला, पियुषले फोन लाव, रविवारी किल्ल्या घेऊन जा म्हनाव.

माणिकबाई हर्षाला परसात घेऊन गेली, भेंडीच्या वाफ्याशी. तिला सगळंच माहीत होतं. घरातला टीव्ही गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातो हे बायकोला कळल्याशिवाय राहतं का?

"जाऊ दे माय," ती हर्षाची हनुवटी धरून म्हणाली, म्हणजे ओठ नीट दिसावेत. "बाप हाय तुहा. गावासमोर त्याची लाज जाईन. तुह्यं काय, तुह्यं त सगळ्याइले मालूमच हाय."

एवढा राग हर्षाला गावाचाही आला नव्हता. तिनं फोन काढला, लिहिलं आणि आईच्या हातात दिला. माणिकबाई सातवी शिकलेली, तिनं अक्षर अक्षर लावत वाचलं. "माझं उघडं आहे म्हणून माझ्यावर काहीही टाकायचं का? बाबांचं नाव मी घेणार नाही. पण हा आळ मी घेणार नाही. आणि गिरणीही सोडणार नाही."

संध्याकाळी तिनं धम्मदीपला व्हिडिओ कॉल लावला. दुकानात मोटारींच्या ढिगापुढं उभा राहून त्यानं सगळं ऐकलं, म्हणजे पाहिलं. मग त्याचे हात चालले. सांगून टाक. एक वाक्य, सगळं मिटतं. हर्षानं मान आडवी हलवली. मग काय करणार, असं त्यानं विचारलं. ज्याला दळण सांगितलं त्यालाच विचारायला लावणार, असं ती म्हणाली. धम्मदीप हसला आणि त्यानं मूठ वर केली.

शनिवारी सकाळी ती सुंदराबाईच्या घरी गेली. नात बाजेवर बसून डाळिंबाचे दाणे खात होती. हर्षाला बघताच सुंदराबाई फणकारली, "आता काय घ्याले आली?" हर्षानं लिहून आणलेला कागद पुढे केला. सुंदराबाईला वाचता येत नव्हतं, तिची सून मंजुषा वाचायला बसली.

"पोरीला त्रास झाला, तो माझ्या हातच्या पिठानं झाला. मला फार वाईट वाटलं. पण गव्हाचं मला कोणी सांगितलं नव्हतं. तुम्ही ते कोणाला सांगितलं होतं?"

"कोनाले म्हंजे?" सुंदराबाई म्हणाली. "तुह्या बापाले. चांगलं तासभर सांगतलं. त्यानं मान हालवली, होऊन जाईन म्हने."

हर्षा नुसती तिच्याकडे बघत राहिली. सुंदराबाईच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू जागेवरून हलला. तिचं तोंड काहीतरी आठवत असल्यासारखं अर्धवट उघडं राहिलं.

"मंजुषा," ती म्हणाली, "बैलाचा पोया झाला त्या दिशी म्या भगवंताले इचारलं होतं, गुडघा कसा हाय बाप्पा? त्यानं काय म्हनलं मालूम हाय? होऊन जाईन. मले वाटलं, बरा होईन असं म्हनते."

मंजुषानं सासूकडे पाहिलं, मग हर्षाकडे. हर्षानं कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलं, "उद्या सकाळी आठ वाजता ज्वारी घेऊन गिरणीवर या. बाबांना सगळ्यांसमोर विचारा. मी काही सांगणार नाही."

रविवारी आठच्या आधीच पियुष मोटारसायकलवर हजर झाला. पोरगा वाईट नव्हता. मामाच्या पाया पडला, मामीनं दिलेला चहा प्यायला, आणि दगड काढून इथं नवीन मशीन बसवायचं मोजमापही त्यानं डोळ्यांनी घेऊन टाकलं. गिरणी कोणाच्या हातात जाते ते बघायला सात-आठ बाया डबे काखेत घेऊन आल्या होत्या, दोन-तीन गडी रस्त्यावरच रेंगाळत होते. रविवारची लाइन दहा वाजता यायची. गिरणी बंद होती आणि माणसांचा आवाज स्वच्छ होता. भगवंत स्टुलावर भिंतीला पाठ लावून बसला होता, हातात किल्ल्यांचा जुडगा, नजर जुडग्यावर.

सुंदराबाई दारातून आत आली. तिनं डबा ठेवला आणि एका बाजूनं, मोठ्यानं विचारलं, "भगवंता, म्या गुरुवारी तुले काय सांगतलं होतं?"

समोर सावली हलली तशी भगवंतानं मान वर केली, ओळखीचं हसला. दोनदा खाली, एकदा बाजूला. "हो मावशी. होऊन जाईन."

कोणी हसलं नाही. सुंदराबाईनं पुन्हा विचारलं, "काय होऊन जाईन? पोरीच्या ज्वारीचं काय सांगतलं म्या तुले?" तोवर त्याची नजर परत किल्ल्यांवर गेली होती. "हो हो," तो म्हणाला.

"मामाजी," पियुष त्याच्या खांद्याला हात लावून म्हणाला, "त्या तुमाले काहीतरी इचारून राहिल्या."

भगवंतानं दचकून सगळीकडं पाहिलं. सगळे चेहरे त्याच्याकडे वळलेले, आणि कशासाठी ते त्याला ठाऊक नाही. हर्षाला ती नजर ओळखीची होती. पहिलीच्या वर्गात, ताप गेल्यावर, गुरुजींनी प्रश्न विचारला होता आणि सगळा वर्ग वळून तिच्याकडे बघत होता, तेव्हा तिची नजर अशीच झाली असणार. राग तिचा गेला नाही. आता तिला काही करायचीही गरज नव्हती. खरं काय ते सगळ्या बायांना दिसलं होतं. नुसतं उभं राहिलं असतं तरी चाललं असतं.

ती पुढे झाली. बापाच्या अगदी समोर, त्याला नीट दिसेल अशी उभी राहिली आणि दोन्ही हात वर केले. सुंदराबाईकडे बोट. तळवे थापले. मग तोंडाकडून त्याच्या कानाकडे हात नेला, आणि तळवे उघडे करून विचारलं. त्यांनी, ज्वारीचं, तुम्हाला काय सांगितलं?

भगवंताला सगळं समजलं. गिरणीतलं हातांचं बोलणं त्याला समजत नाही असं कधी झालंच नव्हतं. तो हाताच्या आधारानं गुडघ्यावर जोर देऊन उभा राहिला.

"मले आयकू येत नाही," तो म्हणाला. आवाज किती लावायचा याचा अंदाज राहिला नव्हता, त्यामुळे तो रस्त्यापर्यंत गेला. "चार वर्सं झाले. गिरनी चालू असली का तुमचे हात दिसते, समजते. बंद असली का तुमी तोंडानं बोलता, मंग म्या नुसती मान हालवतो. मावशी, तुमी काय सांगतलं मले खरंच मालूम नाही. पोट्टीले म्या काही सांगतलंच नाही. तिच्यावर आळ आला आन्‌ म्या गप्प बसलो. चूक माही हाय."

माणिकबाईनं पदर तोंडाला लावला. रस्त्यावरचे गडी आपापल्या चपलांकडे बघायला लागले. पियुषनं घसा साफ केला, आणि त्याला जे वाटलं ते सरळ बोलून टाकलं.

"मंग मामाजी, आता त बोलाचंच काम नाही. तुमालेबी आयकू येत नाही, तिलेबी नाही. गिरनी चालवन कोन?"

दोन-चार माना त्याच्या बाजूनं हलल्या. हर्षानं त्या पाहिल्या. खरं बाहेर आलं म्हणून गिरणी हातात येत नाही, हे तिला कालच कळून चुकलं होतं. तिनं दाराशी असलेली पाटी घेतली, खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि पाटी मंजुषाच्या हातात दिली. मंजुषानं सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

"गिरणी चालू असताना इथं कोणाला ऐकू येतं?"

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मागून कोणीतरी फिसकन हसलं. "खरं हाय बाप्पा," सुंदराबाई म्हणाली, "माहा नवरा जिता होता तवा आमी दोघंबी इथंच यावं, भांडन बंद ठेवाले." मग मोकळं हसू झालं. हर्षानं पाटी पुसली, पुन्हा लिहिलं, पुन्हा मंजुषानं वाचलं.

"तीस वर्षं तुम्ही इथं हातानंच दळण सांगता. कधी चुकलं नाही. चुकलं ते गिरणी बंद असताना. आजपासून बंद असली तरी हातानंच सांगायचं, समोर येऊन. मी पुन्हा विचारीन. कळलं नाही तर दळणार नाही."

हसू थांबलं होतं. सगळ्यांची नजर सुंदराबाईवर गेली, कारण पोर तिच्या घरची होती. सुंदराबाईनं आपला डबा उचलला, हर्षासमोर नेऊन ठेवला. मग एवढ्या बायांसमोर, त्या शांत गिरणीत, म्हातारीनं हात वर केले. तळवे थापले. अंगठा घासला. हवेत लाटणं फिरवलं, आणि दोन्ही हात जोरानं आडवे मारले. गहू नाही. मग तळहात जमिनीपासून दोन हातांवर धरून नातीची उंची दाखवली, आणि तोच हात छातीवर ठेवला.

हर्षानं तेच पुन्हा करून दाखवलं. मग विचारलं, दगड उघडून झाडू? सुंदराबाईनं हो म्हटलं. पहिल्या दोन ओंजळी? सुंदराबाईनं कोंबडीची चोच करून दाखवली, तशी माणिकबाईसुद्धा पदराआड हसली. दर आठवड्याला हे दळण पहिलं, दगडावर गहू पडायच्या आधी, असं हर्षानं बोटांनी सांगितलं, आणि सुंदराबाईनं तिच्या गालावरून हात फिरवून बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली.

भगवंत किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभा होता. पियुषनं हात पुढे केला नव्हता. भगवंतानं जुडगा हर्षासमोर धरला, पण सोडला नाही. महिना व्हायला अजून आठ दिवस होते, आणि ठरलेलं ठरलेलं, असं तिनं बोटांवर मोजून दाखवलं. भगवंतानं मान हलवली, एकदाच, सरळ आडवी. आठ दिवस थांबायचं नाही. मग त्यानं तिची मूठ उघडली, त्यात किल्ल्या ठेवल्या, आणि तिची मूठ आपल्या हातानं मिटली.

हर्षानं दगड उघडला आणि दीड तास ब्रशनं झाडत बसली. पियुषला मामीनं वांगी आणि भेंडी भरून पिशवी दिली, ती हँडलला अडकवून तो धामणगावला गेला. जाताना आरशाकडे आणि बल्बाकडे बोट करून त्यानं हर्षाला अंगठा दाखवला. दहा वाजता लाइन आली. पत्रे थरथरले, कडी वाजायला लागली. गिरणीच्या अंगावर तळहात ठेवून हर्षानं सुंदराबाईची ज्वारी ओतली, पहिल्या दोन ओंजळी वेगळ्या काढल्या, आणि चिमटीत पीठ घेऊन म्हातारीच्या बोटांवर सोडलं. अंगठा घासून सुंदराबाईनं मान डोलावली.

अकराला पुन्हा लाइन गेली. हर्षा दगडाशी पाठमोरी काम करत होती. आरशात तिला एक बाई दारात आलेली दिसली, वावरातून थेट आलेली, सकाळचं काहीही माहीत नसलेली. डोक्यावरचा डबा उतरवता उतरवता ती स्टुलावरच्या भगवंताशी बोलायला लागली. हर्षाचा हात थांबला. बापाची मान कशी हलते ते ती बघत राहिली.

मान हलली नाही. भगवंतानं हात वर करून बाईला थांबवलं.

"मले आयकू येत नाही, बाई," तो म्हणाला. "समोर ये, आन्‌ हातानं सांग."

आरशात हर्षाला त्याचे ओठ दिसले. एवढं लांब वाक्य तिला ओठांवरून कधी पूर्ण वाचता येत नसे. हे आलं, शब्दन्‌शब्द आलं, कारण वीस वर्षं ती स्वतः लोकांना तेच सांगत आली होती.